कुठे लिहिलंय?

नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिराच्या दरवाजाशी उभं राहिलं की आधी दगड दिसतो. काळा, घट्ट, जणू युगानुयुगं इथेच असलेला. पण हे मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी 2 मार्च 1930 ला इथे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला, तेव्हा या चिरेबंदी भिंती जेमतेम दीडशे वर्षांच्या होत्या. तरी दरवाजे बंद करून घेणाऱ्यांनी आधार घेतला तो रूढीचा.

ही रूढी कुठल्या दरवाजावर कोरलेली नव्हती, आणि हेच तिचं बळ होतं. लिहिलेला नियम पुढ्यात मांडता येतो, त्यावर वाद घालता येतो, तो खोडता येतो. न लिहिलेला नियम ज्याच्या तोंडी, त्याच्या मालकीचा. त्या एप्रिलमध्ये रामाचा रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा अशी तडजोड झाली होती. आयत्या वेळी रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही.

त्याच काळात महाडच्या चवदार तळ्याचा दावा कोर्टात होता. अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट पूर्वापार आहे, असं वादींचं म्हणणं होतं. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळलं, कारण वहिवाट अनादी असल्याचं सिद्ध झालं नव्हतं. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे 1922 मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो आणि अपुराही. मोलाचा अशासाठी, की रूढीला कोणीतरी पुरावा मागितला. अपुरा अशासाठी, की पुरावा मिळाला असता तर रूढीच जिंकली असती.

ती पळवाट राज्यघटनेने बुजवली. कलम 13 ने ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि वहिवाटही धरली, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढी ती रद्द ठरवली. वहिवाट किती जुनी, हा प्रश्नच संपला. कलम 17 ने तर अस्पृश्यता नावानिशी नष्ट केली.

घटना फार लांबलचक आहे, कारभाराचे बारीकसारीक तपशील तिच्यात कशाला, अशी टीका तेव्हाही झाली. 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात बाबासाहेबांनी तिला उत्तर दिलं. घटनात्मक नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते. ती रुजेपर्यंत या गोष्टी कायदेमंडळावर सोडण्यापेक्षा लिहून ठेवलेल्या बऱ्या. यामागे बाबासाहेबांचा पुस्तकी अभ्यास होता, तसा काळारामाच्या बंद दरवाजाचा अनुभवही असणार, असं मला वाटतं.

ब्रिटन दुसऱ्या वाटेने गेला. तिथे घटना एका ग्रंथात नाही. ती कायदे, निवाडे आणि संकेत यांत विखुरलेली आहे. 1999 मध्ये लॉर्ड्स सभागृहातले बहुतेक वंशपरंपरागत सदस्य हटवले, तरी 92 जागा तडजोड म्हणून राखल्या आणि त्यांचा वाद पुढे पंचवीस वर्षं रेंगाळला. 2019 मध्ये पंतप्रधानांच्या सल्ल्याने संसद पाच आठवडे स्थगित झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांना एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवावी लागली. हे सगळं आता एकदाचं लिहून काढावं की नाही, यावर तिथे वाद चालू आहे. न लिहिलेलं लवचिक असतं, काळाबरोबर वळतं, असं विरोधक म्हणतात. ते खरं आहे. पण वळवणारा हात कोणाचा, हे नाशिककराला विचारावंच लागतं.

कारण आपल्याकडेही दुसरी, न लिहिलेली घटना चालूच राहिली. जातपंचायतीचे पंच, त्यांचा दंड, वाळीत टाकणं. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. पुढे पन्नास वर्षं पोकळी. 2013 मध्ये नाशकात आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या वडिलांनीच गळा आवळला. त्या मृत्यूनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने याच शहरातून जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम उभी केली. मग वाळीत टाकलेली माणसं बोलू लागली आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. एप्रिल 2016 मध्ये तो विधिमंडळात मंजूर झाला, 3 जुलै 2017 पासून लागू आहे.

आजही बैठकीत कोणी वडीलधारा ‘आपल्यात असंच चालतं’ म्हणाला की मान खाली जाते. वाळीत टाकणं ज्यांच्या वाट्याला आलं असेल, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: या कायद्याखाली पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना पोलिसांत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे लिहिलेलं आहे.