एक ग्रंथ, अनेक प्रश्न

आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ. या तीन महिन्यांत महाराष्ट्रातील अनेक बुद्धविहारांत पूज्य बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चालते. अहमदपूरकडे हे दिवस खुरपणीचे. दिवसभर सोयाबीनच्या रानात राबलेली माय रात्री विहारात येऊन बसते, नातू वाचतो आणि ती ऐकते. अमेरिकेतील सिएटल शहरात १९९८ साली ग्रंथालयाने साऱ्या शहराला एकच पुस्तक वाचावयास सांगितले, तेव्हा त्या उपक्रमाचे फार कौतुक झाले. आपल्या वस्त्या हेच काम गाजावाजा न करता करीत असतात.

परंतु नवदीक्षित बंधू-भगिनींनो, येथे एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. सर्वांनी एकच ग्रंथ वाचायचा, तर तो ग्रंथ उद्या पोथी होणार नाही काय? श्रावणातल्या पारायणांचा अनुभव आपल्या वाडवडिलांना आहे. पोथी वाचणारा वेगळा, ऐकणारा वेगळा, आणि आपण तर ऐकायलाही दूर बसायचो. तेथे अध्याय संपवणे हेच पुण्य होते. शंका विचारणे हे पाप होते. वस्त्र बदलले आणि रीत तीच राहिली, तर धर्मांतर कशाचे झाले?

याचे उत्तर त्या ग्रंथातच आहे. बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी बौद्ध परंपरेपुढेच चार प्रश्न ठेवले आहेत. पहिलाच प्रश्न असा की, सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली? वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून, हे परंपरेचे उत्तर त्यांना पटले नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे काही पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला कसे पटावे? त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा पुढे मांडला. पाण्यावरून माणसे कशी एकमेकांवर उठतात, हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ज्या ग्रंथाचा आरंभ शंकेने होतो, तो मुकाट्याने ऐकणे हा त्या ग्रंथाचाच अवमान आहे. भगवंतांनीही केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले होते की, केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका.

मग प्रत्येकाने आपापले पुस्तक वाचावे, हे बरे नव्हे काय? तेही पुरेसे नाही. एकट्याची शंका एकट्याजवळच राहते. सर्वांपुढे एकच पान उघडे असेल, तर अक्षरओळख नसलेली आजी आणि पदवीधर नातू एकाच गोष्टीवर बोलू शकतात. एखादी माउली विचारील, “सिद्धार्थ गेला, पण यशोधरेचं काय?” तिला “गप बसा, वाचन चालू आहे” म्हणणारा धम्माचे रक्षण करीत नाही, तो जुन्या भटजीचीच जागा घेतो. ग्रंथात यशोधरेच्या संमतीचा प्रसंग आहे. तो पुन्हा वाचावा, आणि तरीही माउलीचे समाधान झाले नाही, तर तिचा प्रश्न उद्यासाठी राहू द्यावा.

म्हणून एवढे करावे. रोज थोडेच वाचावे. वाचणारा बदलता असावा. त्यात स्त्रिया आणि मुले असावीत. वाचन झाल्यावर ग्रंथ मिटून तितकाच वेळ चर्चेला द्यावा. ग्रंथाला फूल वाहायचे असेल तर वाहावे, पण फूल वाहिले म्हणजे वाचन झाले, असे कोणी समजू नये.

अश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपला की आपण किती पाने वाचली हे मोजतो. त्यापेक्षा किती जणांनी तोंड उघडले, ते मोजावे. एका ग्रंथाने सगळी वस्ती एका सुरात बोलू लागली, तर ते पारायण झाले. त्याच ग्रंथाने वस्तीतला शेवटचा मुका माणूस बोलता झाला, तर तो धम्म झाला.