हौदाकांठचा न्याय

आमच्या परसांत एक जुना हौद आहे. गोदावरीच्या कालव्याचें आवर्तन येईल त्या दिवशीं पाणी भरून ठेवावें, म्हणून तो वडिलांच्या हयातींत बांधला गेला. पुढें घरांत नळ आला आणि हौदाची गरज सरली. तो बुजवून टाकण्याचा आळस म्हणा, किंवा चार फुलें पाहण्याची हौस म्हणा, आम्हीं त्यांत थोडी माती टाकली, कुमुदिनीचे कंद लावले आणि तो तसाच राहूं दिला. बेडूक मात्र आम्हीं आणले नाहींत. पर्जन्यछायेंतल्या या कोपरगांवांत पाण्याची वार्ता त्यांना कोण पोंचवितो हें आम्हांस उमगलेलें नाहीं. परंतु पुढच्याच मृगांत ते हजर झाले. मोठे सोनबेडूक पहिल्या दमदार पावसानंतर अंगभर पिवळे झाले, गळ्याच्या दोहों बाजूंस निळे फुगे फुगवूं लागले आणि रात्रभर असा गजर चालला कीं शेजारच्या मंडळींनीं आमच्याकडे पाहून जरा नाराजीनेंच हंसावें.

बेडकांच्या मागोमाग दिवड आला. तोहि कोणी आणला नव्हता.

आषाढांतील एका रात्रीं बेडकांचा एकसुरी गजर एकदम थांबला आणि एकच आवाज उरला. ज्यानें तो ऐकला असेल त्यास वर्णन नको. ज्यानें ऐकला नसेल त्यास एवढेंच सांगतों कीं तो बेडकाच्या ओरडण्यासारखा नसतो, तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा असतो. कंदील घेऊन गेलों तों दिवडानें एका मोठ्या बेडकाचा मागचा पाय गिळला होता व तो हळूहळू पुढें सरकत होता. दिवड विषारी नाहीं. अजगरासारखा वेटाळून मारण्याचीहि त्याची रीत नाहीं. तो भक्ष्य जिवंतच गिळतो, आणि त्यास वेळ लागतो. आमची नऊ वर्षांची नात मागें उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, त्याला सोडवा ना!" ओट्यावरून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, राहूं द्या. त्यालाहि पोट आहे."

हातांत काठी होती आणि पाठीशीं नात होती. आम्हीं दिवडास डिवचलें. त्यानें बेडूक टाकला व तो पाण्यांत दिसेनासा झाला. नातीनें टाळ्या वाजविल्या. सकाळीं पाहतों तों बेडूक हौदाच्या तळाशीं मरून पडला होता, आणि दिवड उपाशीच गेला होता. आमच्या दयेचा हिशेब मांडला तर दोन्ही रकाने तोट्याचे निघाले. नातीनें विचारलें, "मग आपण काय केलं?" या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस देतां आलें नाहीं.

अशा प्रसंगीं शहाणी माणसें एक शब्द चटकन् पुढें करतात: मात्स्यन्याय. मोठा मासा लहान माशास खातो, सृष्टीचा नियमच तो, तुम्ही कोण मध्यें पडणार? परंतु हा शब्द आमच्या प्राचीन राजनीतीनें कोणत्या अर्थानें वापरला हें विसरून चालणार नाहीं. कौटिल्यानें मात्स्यन्यायाचें नांव घेतलें तें त्याचें समर्थन करण्याकरितां नव्हे. दंड धरणारा कोणी नसेल तर बलवान् दुर्बलास गिळतो, म्हणून राजा हवा, असें त्याचें म्हणणें आहे. सृष्टींत तसें चालतें, एवढ्यावरून आपणहि स्वस्थ बसावें असें त्यांतून निघत नाहीं. तेव्हां हा शब्द उच्चारून जो हात झटकतो, तो त्या शब्दाचा अर्थ उलटा करतो.

मग आमच्या हौदाचे राजे आम्हीच कीं काय? राजाची गोष्ट निघाली कीं शिबि आठवतो. महाभारताच्या वनपर्वांत ससाण्याच्या भीतीनें कपोत राजाच्या आश्रयास येतो, आणि ससाणा राजास विचारतो, माझें अन्न तूं हिरावून घेतोस, मी व माझीं पोरें मेलीं तर तें पाप कोणाचें? लहानपणीं आम्हांस या कथेंतला कपोत तेवढा दिसे. आतां वय झाल्यावर ससाण्याचा प्रश्न दिसतो. शिबीनें तो प्रश्न टाळला नाहीं. कपोताच्या भारंभार मांस त्यानें स्वतःच्या अंगाचें कापून दिलें. आम्हीं त्या रात्रीं जें दान केलें तें दिवडाच्या पोटांतलें होतें. दुसऱ्याच्या ताटांतला घांस काढून दयाळू म्हणवून घेण्यास शिबीचें नांव लागत नाहीं.

आमच्या गांवचीहि एक कथा आहे. गोदावरीच्या कांठीं बेट कोपरगांवास शुक्राचार्यांचें मंदिर आहे. कच-देवयानीचें आख्यान येथेंच घडलें असें लोक मानतात. दैत्यांनीं कचाला मारून त्याचें मांस लांडग्यांस घातलें, आणि शुक्राचार्यांनीं संजीवनीचा मंत्र म्हणतांच कच त्या लांडग्यांचीं शरीरें फोडून बाहेर आला. लहानपणीं या ठिकाणीं आम्ही हर्षानें उड्या मारीत असूं. त्या लांडग्यांचें काय झालें, हें त्या वेळीं कोणीहि विचारलें नाहीं. त्यांचा अपराध तरी कोणता? पुढें्याने टाकलेलें त्यांनीं खाल्लें. मात्र तिसऱ्या वेळीं कच खुद्द गुरूच्याच पोटांत गेला, तेव्हां कचाला जगवायचें तर स्वतः मरावें लागेल, असा पेंच शुक्राचार्यांपुढें पडला. आणि तेव्हां कोठें संजीवनीचें खरें मोल त्यांना द्यावें लागलें. खाल्लेल्यास परत आणणारी विद्या फुकट चालत नाहीं. आमच्यापाशीं तर विद्याहि नव्हती, काठी होती.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. ज्या बेडकाची आम्हांस कींव आली तो कोणी साधु नव्हे. याच हौदाच्या कांठीं घरट्यांतून पडलेलें चिमणीचें पिलूं एका सोनबेडकानें गट्ट केलेलें आम्हीं पाहिलें आहे. त्याच्याहून लहान बेडूकहि तो सोडीत नाहीं. सोनबेडकाचीं पिलें म्हणजे ते शेपटीवाले भैरव. तीं पाण्यांतच इतर बेडकांच्या पिलांस खातात, आणि चतुराच्या अळ्या या सर्वांस खातात. एक मादी हजारों अंडीं घालते. तीं सगळीं जगलीं तर दोनतीन पावसाळ्यांत आमच्या घरांत पाय ठेवण्यास जागा उरणार नाहीं. तेव्हां बहुतेकांचें मरणें ही त्या हौदाच्या जगण्याचीच अट आहे. हें सगळें खरें. पण ज्याचा पाय दिवडाच्या तोंडांत आहे त्याला हें गणित सांगून काय उपयोग? हजारांत एक म्हणून त्याची किंकाळी हजारपट लहान होत नाहीं. अळीच्या जिवंत शरीरांत राहून तिला आंतून खाणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीविषयीं डार्विननें १८६० सालीं आसा ग्रे यास लिहिलें, तेव्हां त्यालाहि हेंच खटकलें होतें: दयाळू परमेश्वरानें ही योजना मुद्दाम आंखली असेल हें त्याच्या मनास पटेना. त्यास न सुटलेला प्रश्न आमच्या हौदाकांठीं सुटेल अशी आमची अपेक्षा नाहीं.

आणि कींव करणारे तरी आम्ही कोण? महाविद्यालयांत असतांना मेणाच्या तबकावर बेडूक उताणा टाचून त्याचें हृदय किती वेळ धडधडतें हें आम्हीं घड्याळ लावून पाहिलें आहे, आणि त्या दिवशीं जेवणहि नित्याप्रमाणें केलें आहे. या देशांतून बेडकांच्या तंगड्या हजारों टनांनीं परदेशच्या मेजवान्यांसाठीं जात. १९८७ सालीं सरकारनें ती निर्यात बंद केली. आज जगांतील उभयचर प्राण्यांच्या दर पांच जातींपैकीं सुमारें दोन नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत असें शास्त्रज्ञ सांगतात. त्याचीं कारणें म्हणून नाहींशीं झालेलीं पाणथळें, रोग आणि बदलतें हवामान हीं पुढें येतात. दिवडाचें नांव त्या यादींत आम्हीं वाचलेलें नाहीं.

एवढा विचार करूनहि आम्हीं पुढें जें केलें तें विचारी माणसाचें नव्हतें. दिवसां एक वंचक बगळा हौदाच्या कठड्यावर येऊन तासन् तास निश्चल उभा राहूं लागला, आणि नातीच्या समाधानासाठीं आम्हीं हौदावर नायलॉनची जाळी ताणून बसविली. कोणालाहि न मारतां सर्वांस वांचविण्याची ही युक्ति आम्हांस फार पसंत पडली. चौथ्या दिवशीं सकाळीं जाळींत दिवड अडकलेला दिसला. शरीराचा पुढचा भाग एका घरांतून गेला होता, मधला जात नव्हता, आणि मागें फिरतां न आल्यामुळें तो पीळ घालघालून दोऱ्यांत आवळला गेला होता. आम्हीं कात्रीनें दोरे कापले तेव्हां तो मेलेला होता. नातीनें पाहूं नये म्हणून आम्हीं घाई केली, परंतु तिनें पाहिलें. यावेळीं ती कांहीं बोलली नाहीं.

दिवडानें बेडूक गिळला तो भुकेनें. आम्हीं दिवड मारला तो कशानें? भूक नव्हती, वैर नव्हतें, भीतीहि नव्हती. कोणाची तरी बाजू घेण्याची आमची हौस होती. दोन्ही मरणांत वेदना बहुधा सारखीच असेल; किंबहुना जाळींतली अधिक लांबली असेल. परंतु पहिल्या मरणाचा जाब कोणाला विचारावा हें आम्हांस कळत नाहीं, आणि दुसऱ्याचा कोणाला विचारावा हें चांगलें कळतें. आमच्या मतें नीतीचा प्रश्न सुरू होतो तो येथून. सृष्टींतलें दुःख कमी करण्याचा अधिकार माणसास आहे कीं नाहीं, हा वाद पंडितांनीं खुशाल चालवावा. पण स्वतःच्या हातानें बांधलेल्या वस्तूंत कोण कसें मरतें हें पाहण्याचें काम ज्यानें ती बांधली त्याचें आहे.

जाळी काढली तेव्हां प्रथमच आम्हीं हौदाकडे नीट पाहिलें. चार भिंती सरळ उभ्या, सिमेंटनें गुळगुळीत घोटलेल्या. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी हातभर खालीं गेलें कीं सोनबेडकासारखा उड्या मारणारा प्राणीहि त्यांतून बाहेर पडूं शकत नव्हता. आणि आंत दडायला कुमुदिनीच्या पानांपलीकडे कांहीं नव्हतें. ज्यास आम्ही तळें म्हणत होतों तें शिकाऱ्याच्या दृष्टीनें वाढलेलें ताट होतें. पंचतंत्रांत गंगदत्त नांवाच्या बेडकाच्या राजानें भाऊबंदांचा सूड घेण्यासाठीं साप विहिरींत आणला, आणि सापानें भाऊबंद संपवून राजाचा मुलगाहि खाल्ला. ही कथा फितुरीचा दोष दाखविण्यासाठीं सांगतात. परंतु गंगदत्त स्वतः वांचला तो रहाटगाडग्याच्या आधारानें बाहेर आला म्हणून. त्याच्या भाऊबंदांना रहाट चढतां आला असता तर सापाला एवढी मोठी मेजवानी मिळती ना!

आम्हीं एका कोपऱ्यांत दगड रचून पाण्यापासून कांठापर्यंत उतार केला, भिंतीलगत फुटक्या कौलांचे ढीग टाकले आणि कांठानें लव्हाळा लावला. खर्च फारसा आला नाहीं. गवंड्यानें मात्र चांगला हौद बिघडवितां म्हणून दोन वेळां बजावलें. सौभाग्यवती म्हणाल्या, "आतां साप घरांत आला तर मला सांगूं नका." त्यांची तक्रार अगदींच निराधार नाहीं, हें येथें कबूल करतों.

पुढच्या पावसाळ्यांत दुसरा एक दिवड आला. वंचक तर गेलाच नव्हता. कौलांखालीं दडलेल्या बेडकापुढें दिवड कितीतरी वेळ डोकें खुपसून पाहतो व हात हलवीत परतावें तसा रिकामा परततो, हें आम्हीं एकदां पाहिलें. आणि उताराच्या दगडावर बसलेला एक बेडूक बगळ्यानें क्षणांत उचलला, हेंहि पाहिलें. दोहोंचें प्रमाण काय पडतें हें आम्हीं मोजलेलें नाहीं. नातीनें दगडांवर खडूनें खुणा करून मोजण्यास आरंभ केला होता, पण पावसानें खुणा पुसून गेल्या.

परवां रात्रीं पुन्हां तो आवाज आला. गजर थांबला, एकच किंकाळी राहिली. आम्ही उठून बसलों. काठी दाराआड होती. नातीचेंहि पांघरूण हललें. ती जागी आहे हें आम्हांस कळलें, आणि आम्ही जागे आहों हें तिला कळलें असावें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग आवाज थांबला. तो सुटला म्हणून थांबला कीं संपला म्हणून, हें अंथरुणावरून सांगणें शक्य नव्हतें. थोड्या वेळानें हौदाच्या दूरच्या कोपऱ्यांतून एकानें सुरुवात केली, दुसऱ्यानें साथ दिली, आणि गजर पहिल्यासारखा चालू झाला. "आजोबा," ती अंधारांत म्हणाली, "उद्यां उतारावर अजून थोडीं कौलं टाकूं या का?" सकाळीं आम्ही दोघांनीं मिळून टाकलीं.