स्वस्त पेट्रोलाचें मोल

प्रवाशानें परक्या देशांत तेथील कायदे पाळावे, हें तत्त्व सर्वांस मान्य आहे. परंतु जेथें खुद्द त्या देशाचे लोकच कायद्याला वळसा घालून आपला संसार चालवितात, तेथें पाहुण्यानें काय करावें? पश्चिम आफ्रिकेंतील बेनिन देशाचें उदाहरण घेऊन आम्ही या प्रश्नाचा विचार करूं इच्छितों.

बेनिनमध्यें रस्त्याच्या कडेला, लाकडी फळ्यांवर मांडलेल्या दारूच्या रिकाम्या बाटल्यांतून पेट्रोल विकण्याची वहिवाट आहे. लोक या पेट्रोलास 'क्पायो' म्हणतात. तें शेजारच्या नायजेरियांतून चोरट्या मार्गानें येतें. नायजेरियाचें सरकार खजिन्यांतून भर घालून आपल्या प्रजेसाठीं पेट्रोलचा भाव कमी ठेवीत असे. सीमेपलीकडे त्याच मालास अधिक दाम मिळे, आणि जिकडे दाम तिकडे माल जाई. २९ मे २०२३ रोजीं अध्यक्ष बोला टिनुबू यांनीं ही मदत संपल्याचें जाहीर केलें. तेव्हां नायजेरियांतील भाव भराभर चढले आणि बेनिनमधील बाटलीही महागली. तथापि तो व्यापार बंद पडला नाहीं.

अशी बाटली विकत घेणारा प्रवासी बहुधा तीन सबबी सांगतो. सर्वच घेतात, ही पहिली. पण ज्याच्या गांवीं पंपच नाहीं त्याची गरज आणि चार पैसे वांचविणाऱ्या प्रवाशाची सोय या दोन गोष्टी एका मापानें मोजतां येत नाहींत. माझ्या एका बाटलीनें काय बिघडतें, ही दुसरी. हिला उत्तर इतकेंच कीं, सारा व्यापार एकेका बाटलीचाच झालेला असतो.

तिसरी सबब मात्र वजनदार आहे. विकणारा गरीब आहे; आपण न घेतल्यास त्याच्या घरीं चूल कशी पेटावी? येथें सेमे-क्राके या सीमेवरील गांवाची आठवण ठेविली पाहिजे. २३ सप्टेंबर २०२३ रोजीं तेथें चोरट्या पेट्रोलच्या साठ्यास आग लागून तीसांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. बाटलीच्या किंमतींत या धोक्याचें मोल धरलेलें नसतें. तें विकणारा आपल्या व आपल्या शेजाऱ्यांच्या जिवानें भरीत असतो. तेव्हां त्याच्याकडून माल घेणें ही शुद्ध दया नव्हे. परंतु न घेतल्यानें त्यास दुसरा धंदा मिळतो असेंही नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

म्हणून आमचें मत असें आहे: पंप आटोक्यांत असेल तर प्रवाशानें अधिक दाम देऊन तेथूनच पेट्रोल घ्यावें; कारण त्यास तें परवडतें. पंप नसेल, तर बाटली घ्यावी, परंतु घासाघीस करूं नये, आणि विकणाऱ्यास चोर लेखूं नये. गरजेपोटीं केलेल्या खरेदीस क्षमा आहे. मात्र घरीं परतल्यावर त्या स्वस्ताईची फुशारकी मारणाऱ्यानें ती कोणाच्या जिवावर मिळाली, याचा विचार केलेला नसतो.