सिस्टरच्या हातात काय?



मध्यंतरी रविवारच्या मिस्सेत एका बहिणीचा डोळा लागलेला आम्हांला वेदीवरून दिसला. नंतर कळले की, ती दवाखान्यातली नाइट ड्युटी संपवून घरी न जाता थेट चर्चमध्ये आली होती. आम्ही तिला म्हणालो, "बाळ, तुझे काम म्हणजे प्रभूचीच सेवा. प्रार्थना कर, तो बळ देईल." ती म्हणाली, "फादर, कष्टांचं काही नाही. वारीत माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी असते, तेव्हा आम्ही दिवसभर उभ्याच असतो. पण तिथं कुणाला पट्टी बांधायची, कुणाला झोपवून ठेवायचं, हे मी ठरवते. वॉर्डात एकटीकडे चाळीस पेशंट, आणि माझ्या हातात काहीच नाही. बोलणी मात्र मलाच."

तेव्हापासून आमचा तो उपदेश आम्हांलाच अपुरा वाटू लागला आहे.

सेमिनरीत आम्ही एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ शिकलो. तो जन्माने गुलाम होता. शरीर, संपत्ती, अधिकार हे आपल्या हाती नसते. आपले मत आणि आपली इच्छा मात्र आपली असते, असे त्याने शिकवले. यात मोठे सत्य आहे. गेथशेमाने बागेत प्रभूचे हात बांधले गेले, पण पित्याच्या इच्छेला त्याने दिलेला होकार कोणी बांधू शकले नाही.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. हा विचार गुलामाने स्वतःला सांगितला, तर तो धीर असतो. तोच मालकाने गुलामाला ऐकवला, तर तो अन्याय होतो. निर्गमच्या पुस्तकात फारोने इस्राएल लोकांना पेंढा देणे बंद केले आणि विटांची संख्या मात्र तितकीच मागितली. वर त्यांनाच आळशी म्हटले. 1979 साली रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने हेच आजच्या भाषेत मांडले: कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार थोडा, अशा जागी माणूस सर्वांत जास्त खचतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही 1981 च्या 'लाबोरेम एक्सर्सेन्स' या परिपत्रकात सांगितले की, काम करणारा माणूस हा कामाचा कर्ता आहे. त्याला यंत्राचा भाग समजू नये.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. तेव्हा परिचारिकांनी संप करून त्यांच्यासाठी आणि सर्वांसाठीच चांगली व्यवस्था मागितली. पुढे महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न केला, तोही परिचारिकांनी हाणून पाडला. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ 42 वर्षे, परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात या सेवेची मनापासून प्रशंसा केली.

त्यांचा भार हलका नव्हता. पण तो त्यांनी आपण होऊन उचलला होता. ज्या हातांनी सेवा केली, त्याच हातांनी त्यांनी अन्यायाला अडवलेही. सेवा आणि 'नाही' म्हणणे यांत विरोध नाही, हे त्यांच्याकडून शिकावे.

आता आपल्याबद्दल. सलाईन संपले म्हणून सिस्टरवर ओरडणारे नातेवाईक आपणच असतो. वॉर्डात माणसे कमी आहेत, हा तिचा दोष नाही; तिच्या हातात जे नव्हते, त्याचा जाब तिला विचारू नये. ड्युटीवरून थकून आलेल्या सुनेपुढे चूल आणि भांडी वाट पाहत असतील, तर घरीही तिच्या हातात काही उरत नाही. आपल्यापैकी जे कोणी इतरांच्या पाळ्या लावतात, त्यांनी तक्ता लावण्यापूर्वी एकदा तरी विचारावे, "तुला कोणती सोयीची?" एकट्याने भार वाहणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने केवळ धीर दिला नाही, भार वाटून घेण्याची व्यवस्था सुचवली.

आणि आमच्या नर्स बहिणींनो, जे तुमच्या अधिकारात नव्हते, त्याचे पाप मनावर घेऊ नका. जे तुमच्या हाती आहे, तो रुग्णाच्या कपाळावरचा हात, एक शब्द, एक प्रार्थना, ते कमी लेखू नका. आणि जे बदलायला हवे, ते एकत्र येऊन मागा. ते मागणे श्रद्धेच्या विरुद्ध नाही.

मिस्सेत डोळा लागला, तर लागू द्या. प्रभूच्या घरात थोडी विश्रांती मिळाली, असे आम्ही समजू.

प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो.

आपले फादर