जैसा पॅसेंजर, वैसी तारीख

वाळूजच्या बजाज कारखान्यात तयार होणारी तीनचाकी श्रीलंकेत गेली, इजिप्तमध्ये गेली आणि तिकडे टुकटुक झाली. आपल्याकडे ती रिक्षाच राहते. ज्या शहराच्या वेशीवर हा कारखाना आहे, त्या शहरात ही रिक्षा पर्यटकाला दिवसभरासाठी ठरवून मिळते. 2023 पासून त्या शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे, त्याआधी ते औरंगाबाद होते, त्याहीआधी मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेले खडकी. रेल्वे स्टेशनबाहेर भाव ठरतो. पाणचक्की, बीबी का मकबरा, मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातील बौद्ध लेणी, मग दौलताबाद, खुलताबाद आणि शेवटी वेरूळ. वाटेत हिमरू शालींचे एखादे दुकान. या सगळ्या प्रवासात चालक नुसता चालक नसतो. तो मागे वळून बोलत असतो, आरशातून गिऱ्हाइकाचा चेहरा वाचत असतो आणि चारशे वर्षांचा इतिहास सांगत असतो.

परवाना असलेले गाइड वेगळे. त्यांची परीक्षा होते, ओळखपत्र असते. रिक्षावाल्याकडे असते ती ऐकीव माहिती आणि रोजची गरज. हे चालक पुष्कळदा आपल्याच समाजातले, शाळा अर्ध्यावर सुटलेले. कमाई किरायावर, थोडी बक्षिशीवर, थोडी दुकानदाराच्या कमिशनवर. अशाच एका चालकाने मला त्याच्या धंद्याचे सूत्र एका वाक्यात सांगितले होते : "साहब, जैसा पॅसेंजर, वैसी तारीख." मराठीत तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा दिवस, उर्दूत तारीख म्हणजे इतिहास. दोन्ही अर्थांनी वाक्य बरोबर होते. सांगताना तो हसला नाही, लाजलाही नाही. भाड्याचा दर सांगावा तसे त्याने ते सांगितले.

प्रश्न असा, की हे खोटे बोलणे आहे का? आणि असेल तर ते कोणाच्या खात्यावर लिहायचे?

मकबऱ्यापासून सुरुवात करू. रिक्षावाला सांगतो, हा 'गरिबांचा ताज', औरंगजेबाचा मुलगा आजमशहा याने आईसाठी बांधला. ही गोष्ट त्याने बनवलेली नाही, जुन्या पुस्तकांतूनही ती आली आहे. पण आजमशहाचा जन्म 1653 चा आणि मकबरा पूर्ण झाला 1660-61 च्या सुमारास. सात-आठ वर्षांचा मुलगा आईची कबर बांधवून घेत नाही. तो औरंगजेबाने बांधवला, आजमने नंतर डागडुजीत लक्ष घातले, असे अभ्यासक मानतात. तरी मुलाने आईसाठी बांधला हे ऐकायला गोड वाटते आणि औरंगजेबाने बायकोच्या आठवणीत संगमरवर लावला हे कोणाच्याच कल्पनेत बसत नाही. म्हणून पहिली गोष्ट चालते. मुख्य दरवाजावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. तो दरवाजा ओलांडून लोक फोटोच्या जागेकडे जातात.

यात कोणाचे नुकसान झाले? कोणाचेही नाही, असे वाटू शकते. पण मकबऱ्यात निजलेल्या दिलरस बानूची एक हकीकत कोणत्याही रिक्षात ऐकू येत नाही. ती 1657 मध्ये वारली, बाळंतपणानंतर महिनाभरात. त्या बाळंतपणात जन्मलेल्या मुलाचे नाव अकबर. या शहजादा अकबराने 1681 मध्ये बापाविरुद्ध बंड केले, ते फसले आणि तो आश्रयाला आला तो छत्रपती संभाजी महाराजांकडे, कोकणात पालीच्या परिसरात. महाराजांनी त्याला आसरा दिला. पुढे 1687 मध्ये तो समुद्रमार्गे इराणला निघून गेला आणि तिकडेच वारला. म्हणजे ज्या शहरावरून बापाचे नाव उतरले आणि ज्यांचे नाव चढले, त्यांच्याच दाराशी या कबरीतल्या आईचा मुलगा जीव वाचवायला गेला होता. इतकी विलक्षण गोष्ट मकबऱ्याच्या पायरीवर पडून आहे आणि तिला गिऱ्हाईक नाही. कारण ती ना या पॅसेंजरच्या सोयीची, ना त्या. मला वाटते, खोट्या गोष्टीमुळे होणारे मोठे नुकसान हेच आहे. ती खरी गोष्ट बसायची जागा अडवते.

आपल्याकडे या विषयावर विचार करायला चांगली साधने आहेत, ती आपण फक्त मशिदीत वापरतो. मदिनेच्या बाजारातला प्रसंग सर्वांना माहीत आहे. प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विकणारा म्हणाला, पावसाने भिजले. मग ओले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले, आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. त्या माणसाने तोंडाने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. त्याने फक्त कोरडे वर ठेवले होते. खुलताबादला गेल्यावर ही रास आठवते.

तिथे शेख जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे, वर छप्पर नसलेली. मुसलमान कुटुंब बसले असेल तर चालक सांगतो : बादशहा टोप्या शिवायचा, कुरआन लिहायचा, स्वतःच्या कमाईतून चौदा रुपये बारा आण्यांत कबर झाली. दुसरे कुटुंब असेल तर सांगतो : बघा, एवढा मोठा बादशहा, एवढा जुलूम केला, शेवटी साधे छप्परही नशिबात नाही. कबर तीच. दोन्ही कथांत थोडे कोरडे धान्य आहे. त्याच्या नावावर असलेल्या मृत्युपत्रात टोप्यांच्या कमाईचे चार रुपये दोन आणे कफनासाठी ठेवल्याचा उल्लेख आहे, चौदा रुपये बारा आणे कबरीवर खर्च झाल्याचा नाही. साधी कबर हवी ही त्याची स्वतःची इच्छा होती, कोणी दिलेली शिक्षा नव्हे. आणि ओले धान्य असे : बाप 1658 पासून कैदेत, भाऊ दारा शुकोह 1659 मध्ये ठार, जिझिया 1679 मध्ये पुन्हा लागू, संभाजी महाराजांची 1689 मध्ये हाल करून हत्या. टोप्या शिवणारे हात आणि ही फर्माने काढणारे हात वेगळे नव्हते. हे एका दमात सांगणारा वाटाड्या हवा आहे. तो मला अजून भेटलेला नाही. प्राध्यापकांतही क्वचित भेटतो.

सूरह निसामध्ये न्यायाच्या साक्षीविषयी आज्ञा आहे : ती स्वतःच्या, आईबापांच्या, नात्यागोत्याच्या विरुद्ध जात असली तरी द्यायची. औरंगजेब तर आमचा नातेवाईकही नाही. मराठी मुसलमानांत बहुतेकांचे पूर्वज पिंजारी, तांबोळी, मोमीन, बागवान, अत्तार होते, दरबारातले मनसबदार नव्हते. तरीही कोणी त्याच्याविषयी कठोर खरे बोलले की आपल्याला ती साक्ष घराविरुद्ध गेल्यासारखी वाटते, आणि कोणी खोटे बोलले की ते सहन करावे लागते. दोन्ही वेळी आपण त्याचे वारस असल्यासारखे वागतो. हे वारसपण कोणी लादले आणि कितपत आपण आपल्या हाताने अंगाला लावून घेतले, याचा हिशेब एकदा व्हायला हवा.

पण चालकाला आज्ञा ऐकवण्याआधी त्याच्या आसनावर बसून पाहिले पाहिजे. फेब्रुवारी 2025 मध्ये संभाजी महाराजांवरचा चित्रपट आला, लगोलग कबर हटवण्याची मागणी झाली, 17 मार्चला नागपुरात दंगल उसळली आणि त्यात एकाचा जीव गेला. खुलताबादच्या कबरीभोवती पत्रे लागले. अशा दिवसांत दाढी असलेल्या माणसाने अनोळखी चार पॅसेंजरांसमोर औरंगजेबाविषयी काय बोलावे? तो म्हणेल, "दूरसे देख लो, चलो, वेरूळ को देर होती." यात पाप शोधणारा माणूस पोट भरलेला असला पाहिजे. आपल्या फिकहमध्ये अजीमत आणि रुखसत असा भेद आहे. अजीमत म्हणजे मूळ कठोर कर्तव्य, रुखसत म्हणजे अडचणीत दिलेली सवलत. प्रवासी नमाज कमी करतो, आजारी माणूस रोजा पुढे ढकलतो. जिवाच्या भीतीने गप्प राहणे ही रुखसत आहे असे मी मानतो. पण बक्षिशीसाठी दर फेरीला नवा औरंगजेब घडवणे ही रुखसत नव्हे. मौन आणि गोड बोलणे यांच्यात फरक आहे, तो चालकालाही चांगला कळतो. म्हणून तर तो आधी आरशात बघतो.

इथे 'खासगी' सहलीचा एक खास दोष सांगितला पाहिजे. पर्यटनाच्या बसमध्ये चाळीस माणसे असतात. गाइडने चुकीचे सांगितले तर एखादे निवृत्त शिक्षक हात वर करतात, वाद होतो, बाकीचे कंटाळतात, पण नोंद होते. ठरवलेल्या रिक्षात एक सांगणारा आणि एकाच घरातले दोन-तीन ऐकणारे. तिथे हरकत घेणारा कोणी नाही. आपल्याकडे व्यवहाराच्या साक्षीला दोन साक्षीदार सांगितले आहेत, त्यामागचे शहाणपण अशा वेळी कळते. शिवाय ज्याने पैसे दिले त्याला वाटते की गाडीबरोबर कथाही आपल्या मालकीची झाली. त्याला शहर बघायचे नसते, घरून आणलेल्या मतावर शिक्का मारून हवा असतो. तो शिक्का मारणाऱ्याला आपण खोटारडा म्हणतो, मारून घेणाऱ्याला पर्यटक. कुरआनात पृथ्वीवर फिरा आणि आधीच्यांचे काय झाले ते पाहा, असे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. ते फिरणे इबरतीसाठी, म्हणजे धडा घेण्यासाठी आहे. शिक्का मारून घेण्यासाठी घराबाहेर पडायची गरज नाही.

मग चालकाने करावे काय? मोठे काही नाही. हदीस गोळा करणाऱ्यांनी एक रीत घालून दिली : ऐकलेले सांगताना कोणाकडून ऐकले ते आधी सांगायचे. इस्नाद म्हणतात ती हीच. रिक्षात बुखारीचे काटेकोरपण कोणी मागणार नाही. "लोक असे सांगतात", "दर्ग्यावाले असे सांगतात", "पुस्तकात वेगळे आहे म्हणतात", एवढे तीन शब्दप्रयोग पुरे. शहराचे 'बावन्न दरवाजे' असेच सांगावेत. बावन्न हा आकडा लोकांच्या तोंडी आहे आणि तो बोलायला चांगला आहे, मोजायला निघालात तर हाती येतील त्याहून कितीतरी कमी. भडकल दरवाजा मात्र ठामपणे दाखवावा, कारण तो अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनच्या बाजूने मोगलांशी लढला आणि 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच बाजूला होते. अंबरची कबरही खुलताबादलाच आहे, औरंगजेबाच्या कबरीपासून फार लांब नाही. जिच्यावरून दंगल होते ती कबर पत्र्याआड आणि जिच्यावरून काही होत नाही ती मोकळी. सहलीत दुसरी दाखवतीलच असे नाही.

हीच तक्रार सिराज औरंगाबादींची. उर्दू गझलेचा हा मोठा कवी याच शहरात दफन आहे, पण रिक्षाचे भाडे ठरवताना त्याचे नाव कोणी घेत नाही. पाणचक्कीचे नाव सगळे घेतात. फिरणारे पाते बघून मुले खूश होतात. ती चक्की बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याची, इथले पीठ फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पोटासाठी दळले जायचे. पाणी डोंगरातून मातीच्या नळांनी येते ते सांगतात, पीठ कोणासाठी होते ते सांगायचे राहते.

आणि दौलताबाद. तिथे चालक तोफ, खंदक, अंधारी वाट यांची वर्णने करतो आणि 1327 मध्ये राजधानी हलवणाऱ्या महंमद तुघलकाला वेडा ठरवून मोकळा होतो. या किल्ल्याचे किल्लेदार जनार्दनस्वामी हे संत एकनाथांचे गुरू. किल्ल्याच्या पायथ्याला चांद बोधले यांचा दर्गा आहे. हे सूफी जनार्दनस्वामींचे गुरू होते असे मराठी परंपरेचे अनेक अभ्यासक मानतात, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचे गुरूही तेच. एकनाथांच्या गुरूंचा गुरू एका दर्ग्यात निजलेला आहे, हे वाक्य कोणत्या पॅसेंजरला आवडेल याचा अंदाज आरशात बघून लागत नाही. बहुधा म्हणूनच रिक्षा तिथून पुढे जाते. थांबवायची असेल तर सकाळी स्टेशनवर भाव ठरवतानाच सांगावे लागते, यादीत ते ठिकाण नसते.