आधी प्रश्न, की आधी पैसे?

पुढचा संवाद कल्पित आहे. त्यातले कायदे, खटले आणि सनावळ्या खऱ्या. स्थळ उज्जैनचं फ्रीगंज. आत्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका आणि गावातल्या एका लहान सहकारी बँकेच्या जुन्या सभासद. भाचा इंदूर खंडपीठात वकिली करतो. आत्यांनी वर्षभरात वर्तमानपत्रांत आलेल्या बँकेच्या चार ताबा-नोटिसा कापून ठेवल्या आहेत. कर्जदार चार, पत्ता एक, जामीनदारही एकच. त्याचं आडनाव एका संचालकाच्या आडनावाशी जुळतं. वार्षिक अहवालात मात्र ‘संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे’ यापुढे ‘निरंक’ छापलंय. आमसभा पुढच्या आठवड्यात आहे.

भाचा: तू सभासद आहेस. उठायचं आणि विचारायचं. यात पंचाईत कसली?

आत्या: सभासद आहे हीच पंचाईत. माझे शेअर आहेत, सात लाखांची एफडी आहे. शेजारच्या वहिनींचा तर सगळा पैसा तिथेच, तोही माझ्या शब्दावर ठेवलेला. मी सभेत कात्रणं वाचली आणि सकाळी बँकेपुढे रांग लागली तर? आडनाव नुसतंच जुळत असेल. धडधाकट बँकसुद्धा रांगेनं बुडते, बाबा.

भाचा: आणि गप्प बसलीस आणि संशय खरा निघाला तर?

आत्या: वेताळाची अट आठव. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी चाललो झाडावर.

भाचा: शेवटची गोष्ट सोडली तर विक्रम दर वेळी बोललाच की!

आत्या: त्याचं काय जात होतं? स्मशानापर्यंतची एक फेरी. शिवाय त्याला उत्तर ठाऊक असायचं. मला नुसता संशय आहे. संशय उच्चारावा की नाही, हे वेताळानं कधी विचारलंच नाही.

भाचा: राज्यघटनेनं तो प्रश्न सोडवलाय. भाषणाचं स्वातंत्र्य आणि संस्था काढायचं स्वातंत्र्य एकाच कलमात आहे, एकोणिसाव्या. 97व्या घटनादुरुस्तीनं 2012पासून त्यात ‘सहकारी संस्था’ हे शब्दही आले. आपला ‘सकाळ’चा खटला घे. इतक्या किमतीला इतकीच पानं, असा 1956चा कायदा आणि त्याखालचा 1960चा आदेश. त्याविरुद्ध कंपनीबरोबर तिचे भागधारक उभे राहिले आणि वेगळे अर्ज करून दोन वाचकही! सप्टेंबर 1961मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. 1970मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात रुस्तम कूपर भागधारक म्हणून लढले आणि जिंकले. कंपनीच्या आड भागधारकाचा स्वतःचा हक्क लोपत नाही, हे तेव्हा पक्कं झालं.

आत्या: हे सगळे सरकारविरुद्धचे खटले. मला सरकारची भीती नाहीच. बँकेचा अध्यक्ष माझा विद्यार्थी. त्याच्या मुलीच्या लग्नात मी पहिल्या पंगतीला जेवलेय. सरकारनं तोंड दाबलं तर न्यायालय आहे. ओळखीचा माणूस ‘बाई, तुम्हीसुद्धा?’ म्हणाला, तर रिट कुठे करायची?

(या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नव्हतं. वकील अशा वेळी इतिहासात शिरतात.)

भाचा: शंभरेक वर्षांपूर्वी चित्र उलटं होतं. 1907मध्ये टाटांनी पोलाद कंपनीचे शेअर विक्रीला काढले. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी भांडवल उभं केलं. पुढे चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. उज्जैन त्यांच्याच राज्यातलं. म्हणजे इथल्या एखाद्या कारकुनानं टाटांचा शेअर घेतला असता, तर मुंबईच्या सभेत त्याला संचालकांना जाब विचारता आला असता. महाराजांना विचारायची सोय नव्हती. संस्थानिकांविरुद्ध ब्रिटिश हद्दीतल्या पत्रांनीही अप्रीती पसरवू नये, म्हणून 1922मध्ये खास कायदा झाला होता.

आत्या: आणि आता मुख्यमंत्र्यांना पोह्याच्या गाडीवर कुणीही नावं ठेवतो, पण बँकेच्या सभेत अहवाल वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’. मग नाश्त्याची पाकिटं.

भाचा: तुझं मत अध्यक्षाच्या मताइतकंच आहे. कंपनीत शेअरागणिक मत, सहकारात माणसागणिक.

आत्या: मत सारखं, धोका सारखा नाही. बँक बुडाली तर तो दुसरं दुकान काढेल. वहिनी काय काढतील?

भाचा: मग तू आधी एफडी मोड. पैसे हातात घे आणि मग बिनधास्त बोल.

आत्या: वहिनींना सांगून मोडू की न सांगता? सांगून मोडली तर रांगेतली पहिली मीच. न सांगता मोडली तर मी त्यांना बुडत्या नावेत बसवून उतरले. आणि सभेत कुणी विचारलं, ‘बाई, तुमची ठेव कुठेय?’ तर काय सांगू?

भाचा: प्रश्न खरा की खोटा हे विचारणाऱ्याच्या खात्यावरून ठरत नाही.

आत्या: गणितात नाही ठरत. सभेत ठरतं.

(खरी गाठ इथे आहे. ज्याचं काहीच गुंतलेलं नाही तो बोलला तर ‘तुला काय त्याचं’ म्हणतात. ज्याचं गुंतलंय त्याला स्वतःच्याच पैशाची भीती वाटते. सामान्य माणूस भागधारक झाला की लोकशाही खोल रुजते, असं आपण म्हणत आलो. तिच्यासोबत गप्प बसण्याचं एक नवं कारणही रुजतं, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.)

भाचा: पीएमसी बँक आठव. तिच्या शाखा मध्य प्रदेशातही होत्या. सप्टेंबर 2019मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले. सुरुवातीला सहा महिन्यांत हजार रुपयेच काढायची मुभा. एका बांधकाम समूहाची कर्जं एकवीस हजारांवर बनावट खात्यांआड लपवलेली निघाली. जानेवारी 2022मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. सभासदांचं भागभांडवल पुसलं गेलं. मोठ्या ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंतचे हप्ते लागले. तिथल्या आमसभेत कुणी चार कात्रणं वाचली असती तर?

आत्या: रांग आधी लागली असती, एवढंच कदाचित.

भाचा: आधी म्हणजे खड्डा लहान असताना! आणि तुझ्या सात लाखांपैकी पाच लाखांना विमा आहे. 1993पासून तो एक लाख होता, 4 फेब्रुवारी 2020पासून पाच. फक्त शेअरला विमा नाही.

आत्या: म्हणजे पाच लाखांपर्यंत धीट व्हायला हरकत नाही.

(ठेव-विम्याकडे भाषणस्वातंत्र्याचं साधन म्हणून कुणी बघत नाही. बघायला हवं. घर चालवणारी बाई सभेत उभी राहते तेव्हा तिला घटनेइतकाच या विम्याचाही आधार असतो.)

आत्या: आणि बदनामीची नोटीस आली तर?

भाचा: बदनामीच्या कलमाला दहा अपवाद आहेत. नववा असा, की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेनं कुणावर ठपका ठेवला तर ती बदनामी नाही. तू निःस्वार्थी असायला हवंस, असं कायदा म्हणत नाही. सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेतलेली हवी.

आत्या: मग आरोप नाहीच करायचा. सभेआधी लेखी विचारायचं: या चार कर्जांचा जामीनदार कुणा संचालकाचा नातेवाईक आहे का? हो किंवा नाही. उत्तर सभेत, सगळ्यांसमोर द्या. नाही दिलंत तर पुढचं पत्र रिझर्व्ह बँकेला.

भाचा: आणि एफडी?

आत्या: सभा होईपर्यंत हात लावणार नाही.

भाचा: वरचे दोन लाख तरी काढ!

आत्या: नंतर. वहिनींना मात्र आजच सांगते, कुठल्याही एका बँकेत पाच लाखांवर ठेवू नका. ही अफवा नाही, ही बेरीज आहे. बँक चोख असली तरी बरोबरच.

इथे मी भाच्याच्या बाजूचा आहे. पाच लाख तिथे ठेवून प्रश्न विचारणाऱ्याचा शब्द हलका ठरत नाही. वरच्या दोन लाखांचं हौतात्म्य म्हाताऱ्या माणसाकडून कुणी मागू नये. वहिनींबद्दल मात्र आत्यांचंच बरोबर. संशय पसरवायचा नाही, पण सावध व्हायला पुरेल एवढं खरं सांगायचं, ही वाट मला सुचली नव्हती.

महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा साधारणपणे 30 सप्टेंबरपर्यंत होतात. तुमच्या बँकेचा अहवाल घरी आला असेल, तर संचालकांच्या नातेवाइकांच्या कर्जांचं पान उघडा. काही खटकलं तर प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या.