पट्टी कधी सोडायची?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १३



आजच्या श्लोकात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला सुरुवात करतात. तो कुणाचा द्वेष करत नाही, सगळ्यांशी मैत्रीने वागतो, त्याच्या मनात करुणा असते. आणि लगेच पुढे म्हणतात, तो निर्मम असतो. म्हणजे ‘माझं माझं’ करत धरून बसत नाही. मी इथे नेहमी अडायचो. करुणा करायची तर जीव लागणारच ना? मग निर्मम कसं राहायचं?

गेल्या महिन्यात गावी होतो. आजीच्या कोंबडीने २१ दिवस अंडी उबवली आणि पिल्लं बाहेर आली. मांजराच्या भीतीने मी ती खोक्यात ठेवली, तळाला गुळगुळीत कागद घातला. दुसऱ्या दिवशी बघतो तर एका पिल्लाचे दोन्ही पाय बाजूला फाकलेले. उठायला गेलं की पोटावर पडायचं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे पाय घसरत्या जागेवर असे फाकतात, हे मला माहीतच नव्हतं. चूक माझीच होती.

आजीने कागद काढून गोणपाट अंथरलं. मऊ पट्टीने त्याचे दोन्ही पाय सैलसर जोडले, मध्ये बोटभर अंतर ठेवून. मग मी लागलो कामाला. बल्बची ऊब, चोच हळूच पाण्याला लावणं, तांदळाची कणी भरवणं. लॅपटॉपशेजारी खोका ठेवून मीटिंगा केल्या! तिसऱ्या दिवशी ते उभं राहिलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

पट्टी रोज सोडून बघ, असं आजीने बजावलं होतं. पण मी टाळत गेलो. परत पडलं तर? आणि खरं सांगू, ते माझ्या तळहातावर बसायचं ते मला फार आवडायला लागलं होतं. पाचव्या दिवशी आजीने उचलून बघितलं. पायावर लाल वळ उठला होता.

‘अरे, पाय वाढतोय त्याचा. पट्टी काचतेय. सोड आता.’

सोडली. ते दोन पावलं लडखडलं आणि थेट इतर पिल्लांकडे गेलं. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. क्षणभर वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी श्लोक कळला.

पट्टी बांधणं ही करुणा होती. वेळेवर सोडणं हीसुद्धा करुणाच. मधले दोन दिवस मात्र ‘माझं पिल्लू’ होतं, आणि वळ त्याचाच होता. निर्मम म्हणजे कोरडं होणं नव्हे. समोरच्याला आपली गरज उरली नाही, तेव्हाही त्याचं भलंच हवं असणं.

आज एवढंच बघूया. आपण कुणाला आधार दिलाय, आणि तो आता काचतोय का?

राम कृष्ण हरी.